उरतात किती?

यंदा जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा, आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी संध्याकाळी आमच्या घरी आली. हातात धारवाडी पेढ्यांचा पुडा आणि पिशवीत एक लांब पाकीट. मुलगी गुणी. इंग्रजी घेऊन एम. ए. झाली, बी. एड. झाली आणि गेली तीन वर्षे एका खासगी शाळेत शिकवते. पाया पडून ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि चहा येण्याआधीच म्हणाली, "बाई, मालदीवला इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा मिळतेय. तुम्ही दोघं तिथं होतात ना? पगाराचा आकडा तर बरा दिसतोय. पण उरतात किती, तेवढं सांगा."

त्या संध्याकाळी तिला जे सांगितले, तेच शाळेच्या वार्तापत्रासाठी लिहून द्यावे असे आम्हाला वाटले. हा प्रश्न तिच्या एकटीचा राहिलेला नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली आता बाहेर पडत आहेत. घरच्यांना पगाराचा आकडा कळतो, त्याच्या पुढचा हिशेब कळत नाही. तो कळावा म्हणून हे चार शब्द.

लिहिणारे आम्ही दोघे आहोत, म्हणून सगळीकडे "आम्ही" असेच लिहिले आहे. आमच्यापैकी एक इंग्रजीच्या बाई आणि दुसरे गणिताचे सर. २०१० च्या जानेवारीपासून २०१२ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे बरोबर छत्तीस महिने, आम्ही मालदीवच्या एका लहान बेटावरच्या सरकारी शाळेत शिकवले. बेटाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे माणसे इतकी थोडी की नाव लिहिले तर कोण कोण ते लगेच ओळखू येईल.

खरे तर लॅमिंग्टन रोडवर राहणाऱ्यांना परदेशातल्या नोकरीचे नवल वाटायला नको. आपल्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि हुबळी तेव्हा त्याच इलाख्यात होती. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. तिकडे खोबऱ्याच्या किसात घोळवलेल्या एका केकला लॅमिंग्टन म्हणतात, तेही त्यांच्याच नावावरून असे सांगतात. म्हणजे घरदार सोडून आशियात नोकरीला आलेला हा गृहस्थ. फरक एवढाच की त्यांच्या घरखर्चाची काळजी आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्यातून घेतली जात होती. आमची काळजी आम्हालाच घ्यायची होती.

२००९ साली आमच्यापुढे प्रश्न होता तो घराचा. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळातले हे कौलारू घर वडिलांच्या मागे तिघा भावांचे झाले. धाकट्या दोघांना बेंगळूरला आणि पुण्याला आपापली घरे घ्यायची होती. त्यांचे काही चुकत नव्हते. एक तर घर विकायचे, नाहीतर तीन वर्षांत दोघांचे मिळून सहा लाख रुपये द्यायचे असे ठरले. आई सगळे ऐकत बसली होती. ती म्हणाली, "मला ह्याच दारातनं न्या म्हणजे झालं," आणि भाकरी थापायला उठून गेली. तेव्हा आमच्या दोघांचे पगार मिळून पंधरा हजार रुपये होते. त्यात घर चालवून सहा लाख कुठून उभे करणार?

त्याच दिवसांत वर्तमानपत्रात मालदीवची जाहिरात दिसली. तिथे १९६० च्या दशकापासून शाळांचे माध्यम इंग्रजी होत गेले. देश लहान, स्वतःचे शिक्षक अपुरे, म्हणून भारतातून आणि श्रीलंकेतून शिक्षक बोलावतात. बेंगळूरच्या एका एजंटाने कागदपत्रे, प्रमाणपत्रांचे शिक्के आणि स्वतःचे शुल्क असे दोघांचे मिळून नव्वद हजार रुपये घेतले आणि पावती चाळीस हजारांची दिली. हिशेबाच्या वहीतली पहिली ओळ ही अशी खर्चाची पडली.

मुलगा तेव्हा आठवीत होता. तिकडचा अभ्यासक्रम वेगळा, इकडे दहावी तोंडावर. त्याला आजीजवळ ठेवायचे ठरले. एका रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळूर गाठले, तिथून त्रिवेंद्रमला जायला जी गाडी मिळाली तिचे नाव आयलंड एक्स्प्रेस. बेटावर निघालेल्या माणसांना बेटाचीच गाडी! सर त्यावर बराच वेळ हसत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

त्रिवेंद्रमहून माले विमानाने तासाभराच्या थोडे पुढे. विमानतळ एका बेटावर आणि राजधानी दुसऱ्या बेटावर. आता त्यांच्यामध्ये २०१८ साली झालेला पूल आहे, आमच्या वेळी बोटीने जावे लागे. मालेहून आमच्या बेटाला आणखी एक रात्र बोटीत.

आता मुद्द्याचे. पगार प्रत्येकी आठ हजार रुफिया, दोघांचे सोळा हजार. राहायला शाळेने एक खोली दिली होती, स्वयंपाकघर आणखी एका शिक्षिकेबरोबर सामाईक. ही खोली फुकट होती हे आमचे भाग्य, कारण माले शहरात नोकरी करणाऱ्या ओळखीच्या एका शिक्षकाचा निम्म्याहून जास्त पगार भाड्यातच जाई. एवढ्याशा बेटावर सगळ्या देशाची राजधानी वसली आहे, जागेला सोन्याचा भाव असणारच. म्हणून विद्यार्थ्यांनो, पगार विचारण्याआधी खोली विचारावी.

पहिल्या वर्षी दोघांचा एका महिन्याचा खर्च साधारण असा होता. वही अजून आहे, तीवरून उतरवतो.

किराणा (तांदूळ, पीठ, डाळ, तेल, साखर, दूधपावडर): १,७०० रुफिया
भाजी, फळे, अंडी, मासे: १,३०० रुफिया
वीज: ७०० रुफिया
गॅस आणि पिण्याचे पाणी: ३५० रुफिया
फोन आणि इंटरनेट: ८५० रुफिया
बोटीचे भाडे (सरासरी): ५०० रुफिया
औषधे, कपडे, किरकोळ: ६०० रुफिया
एकूण: ६,००० रुफिया

उरले दहा हजार रुफिया. तेव्हा एका रुफियाचे साधारण साडेतीन रुपये होत. म्हणजे दरमहा पस्तीस हजार रुपये हुबळीला जात. पंधरा हजारांत घर चालवणाऱ्यांना हा आकडा स्वप्नासारखा वाटला, हे कबूल करतो.

पण या यादीतल्या एकेका ओळीमागे काय होते तेही सांगायला हवे. मालदीवच्या सुमारे बाराशे बेटांपैकी दोनशेच्या आतच बेटांवर वस्ती आहे. जमीन वाळूची. नारळ, थोडी केळी, थोडा भोपळा सोडला तर खाण्याचे बहुतेक सगळे बाहेरून येते. समुद्राचे तेवढे स्वतःचे. ट्यूना, म्हणजे कोकणात ज्याला कुपा म्हणतात तो मासा, दारात ताजा मिळे आणि अगदी स्वस्त. सर मासे खातात, बाई खात नाहीत. सरांचे जेवण स्वस्त पडे आणि बाईंचे महाग! एक कोबी आणि चार टोमॅटो यांच्या पैशांत घरभर पुरेल एवढा मासा येई. तेव्हा परदेशात जेवण महाग की स्वस्त याचे उत्तर देशावर कमी आणि जेवणाऱ्यावर जास्त अवलंबून असते. तिथले लोक जे खातात ते खाणाऱ्याला कुठलाही देश स्वस्त. आपली चव बरोबर नेणाऱ्याने चवीचे भाडेही भरावे.

आमचे ते भाडे म्हणजे शेंगाचटणी. ज्वारीचे पीठ तिथे नव्हते, म्हणून आई शेंगाचटणी आणि गुरेळ चटणीचे डबे बांधून देई. सहा महिन्यांच्या चटण्यांचे वजन सात किलो भरे. विमानात तेवढे कपडे कमी न्यायचे.

कांद्याची गंमत वेगळी. भारत आणि मालदीव यांच्यात १९८१ चा व्यापार करार आहे. त्यानुसार कांदा, बटाटा, अंडी, तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ, इतकेच काय पण बांधकामाची वाळू आणि खडीसुद्धा ठरलेल्या प्रमाणात भारतातून तिकडे जाते. भारताने कांद्याची निर्यात बंद केली तरी या कराराचा वाटा जाऊ शकतो. २०२४-२५ सालासाठी हा कांद्याचा वाटा ३५,७४९ टन ठरला होता आणि अंडी ४२ कोटी ७५ लाख. आमच्या वेळी दुकानात कांद्याची गोणी फोडली की आम्ही दोघे उगाचच तिच्यावरची अक्षरे वाचायला वाकायचो. गावाचे नाव कधी दिसले नाही. तरी हा आपल्या हुबळीच्या मार्केट यार्डातलाच, असे मनाशी धरून तिप्पट भावाने घरी न्यायचो.

मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे. समुद्र खवळला की मालाची बोट आठ-दहा दिवस येत नसे. मग भाजीच्या फळीवर फक्त लसूण आणि सुकलेले आले. पैसे असून खरेदीला काही नाही, असेही दिवस असतात. त्याच पावसाचे पाणी पन्हळीतून टाकीत साठवायचे आणि वर्षभर प्यायचे. बेटाखालचे पाणी मचूळ. उन्हाळ्यात टाकी तळाला गेली की बाटल्या विकत. हुबळीत पाच-सात दिवसांनी नळाला पाणी येण्याची सवय होती, ती तिथे उपयोगी पडली.

वर्गाविषयी थोडेसे. मुले गोड होती. त्यांची भाषा धिवेही, लिपी थाना, ती उजवीकडून डावीकडे लिहितात. सरांना या लिपीचे फार कौतुक, कारण तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून आणि पुढची नऊ तिथल्या जुन्या आकड्यांवरून बनली आहेत. भाषा मात्र आपल्या मराठीची दूरची बहीण. एकदा मुलांनी आकडे मोजून दाखवले, "एके, दे, तिने". बाईंनी फळ्यावर "एक, दोन, तीन" लिहिले तेव्हा वर्गात एकच हशा पिकला. घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि पुस्तकात तिसरी, हे आपल्या हुबळीच्या मराठी मुलांना जन्मापासून माहीत असते. म्हणून तिथल्या मुलांना इंग्रजीत नेमके कुठे अडते ते बाईंना लवकर कळे. आपल्या शाळेने दिलेले हे भांडवल. त्याला खर्च पडला नाही.

गणपती मात्र हुबळीतच राहिला. त्या देशात पूजेची मूर्ती आणता येत नाही, तो तिथला कायदा आहे आणि पाहुण्याने तो पाळावा. चतुर्थीच्या दिवशी शाळा असे. संध्याकाळी आईला फोन लावून तिने रिसीव्हर आरतीच्या बाजूला धरायचा आणि आम्ही ऐकायचे. फोनच्या ओळीत ८५० रुफिया का लागत ते आता लक्षात येईल.

असो. पहिले सव्वा वर्ष असे गेले. मग एप्रिल २०११ आला.

तोपर्यंत तिथे एका डॉलरला १२.८५ रुफिया हा दर ठरलेला होता. सरकारने तो वीस टक्क्यांपर्यंत खालीवर होऊ द्यायचे ठरवले आणि एका रात्रीत दर वरच्या टोकाला, १५.४२ वर जाऊन बसला. विद्यार्थ्यांनी इथे वही-पेन्सिल घ्यावी. डॉलर वीस टक्क्यांनी महाग झाला, तर आमचा पगार किती टक्क्यांनी घटला? घाईने वीस म्हणाल. आठ हजार रुफियाचे आधी सुमारे ६२२ डॉलर होत, आता ५१९ झाले. घट सुमारे १०४ डॉलरची, म्हणजे एक षष्ठांश, पावणेसतरा टक्क्यांच्या आसपास. सरांनी दुसऱ्या दिवशी हेच गणित वर्गात घातले. मुलांनी ते बरोबर सोडवले.

रुफियाचे साडेतीन रुपये होत होते ते आता पावणेतीनच्या थोडे वर होऊ लागले. पगाराच्या पावतीवर आकडा तोच, बेटावरच्या दुकानात मात्र आठवड्याभरात भाव चढले, कारण माल डॉलर देऊन येतो. खर्च वाढू नये म्हणून आम्ही फळे बंद केली, बाईंनी अंडी खायला सुरुवात केली. तरी हुबळीला जाणारे पस्तीस हजार अठ्ठावीस-एकोणतीस हजारांवर आले. भावांना दिलेला शब्द होता. सरांनी रात्री वही उघडून पुढच्या वीस महिन्यांचे हिशेब पुन्हा मांडले. ते जुळवायचे तर एकच मोठा खर्च कापता येण्यासारखा होता. जूनच्या सुट्टीतली घरची फेरी.

रविवारी आईचा फोन. "जेवलासा का रे दोघं?" हे विचारून झाल्यावर ती म्हणाली, "जूनमध्ये येताय ना? पोरगं दिवस मोजतंय."

आम्ही तिला खरे ते सांगितले. पैसे घसरलेत, या खेपेला जमणार नाही. दोघांचे जाण्यायेण्याचे तिकीट अठ्ठावीस हजार रुपये पडते.

आई क्षणभर थांबली. "अठ्ठावीस हजार? एवढं? मग नका येऊ. डिसेंबरात या."

तिने ते इतक्या सहज म्हटले की आम्हाला हायसे वाटले. हिशेब जुळला.

डिसेंबरात आम्ही घरी आलो. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. तेव्हा बाईंचे लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेले. मनगट वाकडे दिसत होते. "काही नाही गं, जरा लचकलं होतं," म्हणून तिने पदराखाली हात घेतला. मुलाकडे पाहिले तर तो चपला नीट लावू लागला. त्या रात्री आम्ही भाजी चिरायला बसलो तेव्हा त्याने हातातून विळी घेतली आणि कांदा असा भराभर चिरला की आम्ही बघतच राहिलो. दहावीतला मुलगा, हे कधी शिकला?

दुसऱ्या दिवशी दुधाचा हिशेब बघायला म्हणून भिंतीवरचे कालनिर्णय उलटले. आपल्या घराघरांत असते तसेच आईचे सगळे व्यवहार त्यावर पेन्सिलीने लिहिलेले असत. दूध दीड लिटर. सिलिंडर आला. फी भरली. रविवारच्या चौकोनात फोन आला की बारीक फुली. जुलैच्या पानावर एका मंगळवारी लिहिले होते:

"हात. सांगू नये. तिकीट २८०००."

मग सगळे कळले. पावसात न्हाणीघरात पाय घसरून आई पडली होती. मनगटाचे हाड मोडले होते. शेजारच्यांनी दवाखान्यात नेले, सहा आठवडे प्लास्टर. सहा आठवडे आमच्या मुलाने सकाळी आजीची वेणी घातली, कुकर लावला, शेजारच्या काकूंनी दिलेली भाकरी डब्यात भरली आणि मग शाळेत आला. आजीने त्याच्याकडून वचन घेतले होते. दर रविवारी आमच्याशी बोलताना ती रिसीव्हर उजव्या हातात धरून "सगळं बेस आहे" म्हणत होती. पुढे हात धुवायला वेळेवर गेली नाही, कारण त्यालाही पैसे पडले असते. म्हणून मनगट वाकडे राहिले. ते शेवटपर्यंत तसेच होते.

पडल्यावर आईने आम्हाला का कळवले नाही, हा प्रश्न तिला विचारायची आमची हिंमत झाली नाही. उत्तर कालनिर्णयावर लिहिलेले होते. आम्हीच तिला भाव सांगितला होता. तीन वर्षे आम्ही घरच्यांशी जे जे बोललो त्यात रुपये होते: हे महाग, ते परवडत नाही, एवढे पाठवले, एवढे उरले. आई चौथी शिकलेली. पण आमची भाषा तिने बरोबर आत्मसात केली आणि आपले हाड अठ्ठावीस हजारांना ताडून पाहिले.

यात वाईट कोण? मालदीवचे सरकार नव्हे, त्यांना त्यांच्या देशाचे बघायचे होते. आम्हीही लोभाने गेलो नव्हतो. तरी माले शहरात एका रात्री बदललेल्या दराने लॅमिंग्टन रोडवरच्या एका बाईचे मनगट वाकडे झाले, हे आमच्या पुरते सत्य आहे. परदेशातल्या नोकरीचे अर्थशास्त्र आम्ही असे शिकलो.

राहिलेले एक वर्ष आम्ही पुरे केले. त्या वर्षी रविवारचा फोन मुलानेच घ्यायचा आणि आधी आजीची खरी तब्येत सांगायची, हा नियम केला. २०१२ संपता संपता एका रुफियाचे पुन्हा साडेतीन रुपये होऊ लागले. आम्हाला वाटले रुफिया सावरला. सरांनी वही बघून सांगितले, रुफिया आहे तिथेच आहे, आपला रुपया घसरलाय. म्हणजे हाती आलेले जास्त रुपये हुबळीत कमीच वस्तू आणणार. ही गंमतही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. जास्त आकडा म्हणजे जास्त पैसे असे नेहमीच नसते.

शेवटचा हिशेब असा. भावांचे सहा लाख दिले. घरचा तीन वर्षांचा खर्च, एजंट, तिकिटे, आईचा दवाखाना सगळे वजा जाता हाती उरले बासष्ट हजार रुपये. त्यातून पुढच्या पावसाआधी कौले बदलली. मुलगा दहावी चांगल्या गुणांनी पास झाला, आज बेंगळूरला नोकरी करतो. आई २०१९ साली गेली, ती तिच्या इच्छेप्रमाणे याच दारातून.

त्या मुलीने हे सगळे ऐकले. चहा गार झाला होता. ती म्हणाली, "मग बाई, जाऊ की नको?"

आम्ही म्हटले, जा. तरुणपणी बाहेरचे जग पाहावे, चार वेगळ्या मुलांना शिकवावे. तिच्याजवळचे पाकीट उघडून आम्ही तिघांनी ते ओळ न् ओळ वाचले. ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी त्यातले मुख्य मुद्दे इथे देतो.

पगार कोणत्या चलनात मिळणार ते आधी पाहावे. ओमानचा रियाल किंवा अमिरातीचा दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, भूतानचे नगुल्त्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीचे. मालदीवचा दर २०११ पासून १५.४२ च्याच आसपास आहे आणि आता एका रुफियाचे पाच रुपयांहून जास्त होतात. पण कागदावरचा दर आणि प्रत्यक्ष हातात येणारा डॉलर यांत अंतर असते. तिथे डॉलरची टंचाई होते, म्हणून दरमहा किती रक्कम घरी पाठवू देतात ते जाण्याआधी चौकशी करून ठेवावी. करांचे नियमही बदलत राहतात. परदेशी कामगारांनी घरी पाठवलेल्या पैशांवर तिथे २०१६ ते २०१९ या काळात तीन टक्के कर होता, तो २०२० पासून गेला आणि त्याच वर्षी आयकर आला. मात्र तो महिना साठ हजार रुफियांच्या पुढच्या उत्पन्नावर असल्याने शिक्षकाला सहसा लागत नाही.

दुसरे, पासपोर्टचा रंग. इंग्रजी कितीही चांगले असले तरी काही देश शिक्षकाचा पासपोर्ट आधी बघतात. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन अशा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० साली लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे पात्र भारतीय शिक्षकांना सहायक म्हणून वाट झाली. अशा जागी आपले मोल कमी ठरवले तर मन खट्टू करू नये, पण सहीही घाईने करू नये.

तिसरे, एजंट. त्याचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट नोंदणीत आहे का ते पाहावे. शुल्काला सरकारी मर्यादा असते. जेवढे दिले तेवढ्याची पावती घ्यावी. आमच्यासारखे अर्ध्याहून कमी पावतीवर समाधान मानू नये.

आणि चौथे, जे कुठल्याच करारपत्रात लिहिलेले नसते. पहिल्या पगारातून परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढावेत आणि ते घराचे, लग्नाचे, कर्जाचे कशाचेही म्हणून मोजू नयेत. ते तिकीट कितीला पडते हे घरी कोणालाही सांगू नये. आईने विचारले, तर "आमच्या शाळेकडून मिळतं" असे बिनदिक्कत खोटे सांगावे. एवढे एक खोटे आम्ही आमच्या विद्यार्थिनीला शिकवले, त्याबद्दल विश्वस्त मंडळींनी क्षमा करावी.

विश्वस्तांना एक विनंतीही आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी शाळेचा एक वर्ग उघडा मिळाला, तर परदेशी नोकरीचे कागद घेऊन येणाऱ्या आपल्या मुलांसोबत आम्ही दोघे बसू. इंग्रजी कलमे बाई समजावून सांगतील, आकडे सर तपासतील. मुलांनी येताना आई-वडिलांना, शक्य तर आजीलाही, बरोबर आणावे. उरतात किती हे त्यांच्याही समोर मोजलेले बरे. वर्ग मिळेपर्यंत आमचे घर आहेच. चहा आमच्याकडे.